पार्किंगमधलं पोर

मुलुंड (पूर्व)
१३ जानेवारी १९८६

जानूताई, दंडवत.

तुझी मावसबहीण पेपरात आली. शनिवारचं सांजदैनिक, दुसरं पान, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली. ‘प्रत्यक्षदर्शी नंदिनीबाई, वय ५२.’ नलिनीची नंदिनी केली ते मी सोडून दिलं, पण बावन्न? त्या बातमीदाराला मी स्वतः चहा करून दिला होता, आलं घालून. आता परत आला तर पाणीसुद्धा मिळायचं नाही.

तर झालं असं की आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून एक तान्हं पोर पळवलं गेलं, आणि ते पळवताना मी या डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या मागच्या बाजूला फरशी घातलेली मोकळी जागा आहे ना, तिला हल्ली पार्किंग म्हणायचं. डॉक्टरांची फियाट, एक कायमची बसलेली अँबॅसडर आणि थोड्या स्कूटरी सोडल्या तर तिथं पापड वाळतात. कोपऱ्यात कचऱ्याचा ड्रम आहे. शुक्रवारी भर दुपारी मी मागच्या गॅलरीत मिरच्या उन्हात घालत होते. बघते तर ड्रमाला टेकून एक टोपली. हिरव्या लुगड्यातली एक बाई फाटकातून आली, इकडंतिकडं पाहिलं, टोपलीतलं गाठोडं उचललं. गाठोडं रडलं! ती थेट रिक्षात बसली आणि गेली. मी अशी किंचाळले की समोरच्या बिल्डिंगमधले लोक टॉवेलवर बाहेर आले.

पोर कुणाचं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभाचं. मुलगा. अजून बारसंही व्हायचं होतं. तिची सासू सोनूबाई म्हणते, कोवळं ऊन द्यायला खाली ठेवलं होतं. दुपारी एक वाजता कोवळं ऊन! नवरा चंद्रप्रकाश बँकेत आहे आणि रविवारी गच्चीवर पोरांना गोळा करून विज्ञानावर बोलतो. त्याला कुणीतरी फोन केला, तो ऑफिसातून तडक पोलीस चौकीत गेला आणि तक्रार लिहून मगच घरी आला.

तेव्हापासून मुलुंडात दुसरा विषय नाही. तळमजल्यावरच्या शहाबाई सांगतात, मुलं आखातात पाठवणारी टोळी आहे. दूधवाला म्हणतो, खाडीवर पूल बांधताहेत, त्याच्या खांबात पुरायला नेलं. इस्त्रीवाल्याच्या मते सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी तान्हं पोर लागतं, काम झालं की आणून देतात. आमचे ‘हे’ सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी काय केलं सांगू? नोटीस लावली. ‘पार्किंगच्या जागेत वाहनांखेरीज काहीही ठेवू नये. ठेवल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही.’

पण खरं सांगू, लोकांचं बोट आता आईकडं वळलंय. आणि माझंही. रत्नप्रभाच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नाही. तिची आधीची दोन गेली, एक आठ महिन्यांचं, दुसरं वर्षाच्या आत. म्हणून तिला सवय झाली असेल, असं शहाबाईंनी जिन्यात मोठ्यानं म्हटलं. बरं, रडू नको, पण दिवसातून तीनतीनदा ब्लाउज बदलायचा? पोर गेलं आणि बाईचा नट्टापट्टा चाललाय. त्यातून यांच्याकडं नव्या वर्षाला कलर टीव्ही आला. मी आपली एकावर एक ठेवून बघते. पोर विकलं, दुसरं काय!

पोलिसांनी मला सांगून ठेवलंय, ती बाई पुन्हा दिसली तर ओळखायची. मी म्हटलं, हजारांत ओळखीन. काजूगर पाठव, संपले.

तुझी,
नलू


कणकवली
१७ जानेवारी १९८६

नलू,

आशीर्वाद नंतर देते. आधी हे पत्र वाच, मग स्टोव्ह बंद कर आणि परत वाच.

दोन मुलं गेलेली. तिसरं तान्हं. टोपली. टोपली कुठं, तर कचऱ्याजवळ. परक्या घरची बाई येते आणि उचलते. आणि तुझ्या डोक्यात कलर टीव्ही येतो? मुंबईच्या पाण्यानं तुझं डोकं कामातून गेलं गं बाई.

ते पोर चोरीला गेलेलं नाही. ते टाकलंय. ज्या घरात मुलं जगत नाहीत, तिथं नवं पोर आलं की ते उकिरड्यावर टाकायचं. आम्हाला हे नकोच, असं दाखवायचं. परक्या बाईनं ते उचलून आपलं म्हणायचं. मग आईनं सुपात कण्या घेऊन तिच्या दारात जायचं आणि पोर विकत आणायचं. चांगला तांदूळ नाही, कण्या. म्हणजे मरणाला वाटावं, ह्या पोराला कुणी धड भातसुद्धा देत नाही, आपण तरी कशाला नेऊ. तुमच्याकडं उकिरडा कुठला? म्हणून सोनूबाईनं ड्रम धरला. म्हातारी हुशार आहे. फक्त वरच्या गॅलरीत तू मिरच्या घेऊन उभी असशील, हे तिला कोण सांगणार!

आणि विकत घेईपर्यंत आईनं ‘माझं’ म्हणायचं नाही. त्याच्यासाठी रडायचं नाही. तसं म्हणाली किंवा रडली, तर केलेलं सगळं फुकट. म्हणून ती पोरगी कोरड्या डोळ्यांनी बसलीय, आणि तुम्ही तिला पोर विकणारी ठरवलीत.

ब्लाउजचं वाचून मात्र तुझ्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. दूध येतं गं, शहाणे! पाजायला पोर नाही, ते वाहतं. तू दोनदा बाळंत झालीस ना?

माझा बाळ्या असाच आहे. तुला ठाऊक नाही, तू तेव्हा शाळेत होतीस. माझी पहिली मुलगी गेली होती. परसामागच्या वाडीतल्या धाकूच्या आयशीनं बाळ्याला उचललं, आणि पोर दीड दिवस तिच्या घरी. मी परसात केळीखाली उभी राहून त्याचं रडणं ऐकत होते आणि तोंडात पदर कोंबला होता. आज मुंबईची यष्टी चालवतो आणि माझ्यावर आवाज चढवतो. चढवू दे. मला तो आवाज आवडतो.

बहुतेक ते पोर त्याच संध्याकाळी परत यायचं होतं. तू बोंब मारलीस, बाप चौकीत गेला, पोलीस दारात बसले. आता बायका तोंड कुठं उघडणार? तू तुझ्या तोंडाला कुलूप लाव. कुणी विचारलं तर काही दिसलं नाही म्हण. काजूगर बाळ्याच्या गाडीनं पाठवते, पण तुझ्या वागण्यावर अवलंबून.

जानूताई


मुलुंड
२० जानेवारी १९८६

जानूताई,

कुलूप लावायला एक दिवस उशीर झाला. माझी वाट लागली.

काल, रविवारी, मी बाजारात मेथी निवडत होते. शेजारी हिरवं लुगडं. मी तोंड बघितलं आणि ‘हीच ती! हीच ती!’ म्हणून ओरडले. पंचवीस माणसं धावली. कुणी काही विचारलं नाही. दोघांनी तर तिला थपडाच मारल्या. तिची मेथी पायाखाली गेली. मग पोलीस आले आणि तिला चौकीत नेलं, आणि मला लोक ‘शाब्बास बाई’ म्हणाले. मी घरी येऊन ताठ मानेनं जेवले.

आज सकाळी तुझं पत्र आलं. ते वाचल्यापासून मला घास जात नाही.

मी वर गेले. रत्नप्रभाला काय विचारावं? पोर टाकलंस का, असं विचारता येतं का कुणाला? सोनूबाई मोरीत होत्या तेवढ्यात मी एवढंच म्हटलं, “कण्या आहेत का गं घरात? की माझ्याकडच्या देऊ?”

तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. म्हणाली, “वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलं?” मग घडाघडा बोलली. उचलणारी बाई म्हणजे सुंदराबाई. रत्नप्रभा जिथं बाळंत झाली त्या नर्सिंग होममधली आया. राहते घाटकोपरला टेकडीवर. हिच्या तिन्ही बाळंतपणांत तीच उशाशी होती, आधीची पोरं गेली तेव्हा दोन्ही वेळा घरी येऊन हिच्याबरोबर रडलीही. सोनूबाईंनी तिला गळ घातली. ती आधी ‘असलं आमी मानत न्हाई’ म्हणाली, मग रत्नप्रभाकडं बघून हो म्हणाली. सकाळी उचलायचं, दिवे लागायच्या आत कण्या घेऊन परत द्यायचं, चंद्रप्रकाश ऑफिसातून यायच्या आत सगळं आटपायचं, असं ठरलं होतं. सोनूबाईंना स्वयंपाक उरकायला वेळ लागला म्हणून सकाळचं दुपारवर गेलं, आणि गॅलरीत मी होते.

पोर सुखरूप आहे. सुंदराबाईची मुलगी राधा नुकतीच बाळंत झालीय, ती त्याला पाजते. काल हवालदार तिच्या खोलीवर झडतीला गेला. राधाच्या मांडीवर दोन पोरं. ती म्हणाली, जुळी. शेजारची म्हणाली, जुळी. खालचा पानवाला म्हणाला, साहेब, जुळीच ना, आम्ही पेढे खाल्ले. हवालदारानं ‘जुळी’ असं लिहून घेतलं आणि परत आला.

सुंदराबाई चौकीत तोंडातून शब्द काढत नाही. आई विकत घ्यायला आल्याशिवाय सांगणार नाही, असा तिनं शब्द दिलाय म्हणे. आणि रत्नप्रभा जायला तयार नाही. मी म्हटलं, “अगं, सरळ जा आणि सांग, माझा मुलगा आहे, मीच दिला होता. ती बाई सुटेल.” तर ही पांढरी पडली. म्हणाली, “आणि मी ‘माझा’ म्हटल्यावर तो गेला तर? आधीच्या दोघांना माझं माझं म्हणूनच घालवलं मी.”  मला ते खरं वाटत नाही. पण माझी दोन्ही मुलं शाळेत गेलीत. ज्यांची जगली त्यांनी असं म्हणणं सोपं आहे.

नवऱ्याला अजून पत्ता नाही. तो रोज चौकीत जाऊन ‘गुन्हेगाराला कठोर शिक्षा’ म्हणतो. त्याला सांगायचं तर गच्चीवरच्या विज्ञानाचं काय होईल ते देवच जाणे.

एक बाई माझ्या ओरडण्यापायी आत बसलीय, एक बाई बाहेर दूध पिळून मोरीत ओततेय, आणि मला सुचत काही नाही. हे पत्र तुझ्या बाळ्याच्या हाती देते, त्याची गाडी आज निघते. तू तार कर.

नलू


तार
कणकवली, २१ जानेवारी

पोर मागू नका. विकत घ्या. कण्या घेऊन चौकीत जा. ती मागेल ते द्या. घासाघीस नको.
जानकी


मुलुंड
२६ जानेवारी १९८६

ताई,

तुझ्या तारेनं काय केलंस तुला कल्पना नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तार म्हणजे कुणीतरी गेलं. तारवाल्यानं हाक मारल्याबरोबर चारी मजल्यांवरची दारं उघडली, आणि आमच्या ह्यांनी ती जिन्यातच मोठ्यानं वाचली. ‘पोर मागू नका. विकत घ्या.’ ह्यांचा आवाज शेवटच्या शब्दांपर्यंत चिमणीएवढा झाला होता. शहाबाई माझ्याकडं बघत हळूच दोन पायऱ्या मागं सरकल्या. दुपारपर्यंत मी टोळीची म्होरकी झाले होते. इस्त्रीवाल्यानं माझ्या साड्या तशाच परत पाठवल्या. म्हणजे रत्नप्रभाला कसं वाटलं असेल ते मला अर्ध्या दिवसात कळलं, आणि ती ते बारा दिवस सोसत होती.

असो. बुधवारी सकाळी आम्ही चौकीत गेलो. मी, रत्नप्रभा आणि सोनूबाई. पदराखाली सूप, सुपात कण्या. वाटेत चंद्रप्रकाश भेटलाच, तो नेहमीप्रमाणे कठोर शिक्षा मागायला निघाला होता. मग रस्त्यातच त्याला सांगावं लागलं. त्यानं हातातली तक्रारीची प्रत घडी करून खिशात घातली. मग बायकोला म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “तुम्ही समजावून सांगितलं असतंत.” तो आमच्या मागून मुकाट चालायला लागला.

इन्स्पेक्टरसाहेबांपुढं मी आधी तोंड उघडलं. म्हटलं, “साहेब, मी चुकीची बाई दाखवली, माझा चष्मा बदलायचाय.” ते म्हणाले, “मग बरोबर बाई कुठली?” इथं माझं अडलं. तेवढ्यात रत्नप्रभा पुढं झाली आणि सूप टेबलावर ठेवलं. फायलींवर कण्या सांडल्या. म्हणाली, “सुंदराबाईंना बोलवा. मला त्यांच्याकडून मूल विकत घ्यायचंय.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, मूल विकत घेणं हा गुन्हा आहे. तो चौकीत येऊन करताय?”

“हो,” ती म्हणाली.

मग सोनूबाईंनी सगळं सांगितलं, मालवणीतून, रडत, मध्येच देवाला आणि मध्येच मला शिव्या घालत. साहेब घाटावरचे, त्यांना निम्मं कळलं. पण तेवढं पुरलं असावं. त्यांनी हवालदाराला बाहेर काढलं, दार लोटलं आणि सुंदराबाईला आणायला सांगितलं.

ती आली. गालावर वळ होता. मी मान खाली घातली. ती माझ्यापुढं थांबली आणि म्हणाली, “मेथीचे पैसे तुमच्याकडं लागतात, बाई.” एवढंच. मी हात जोडले, ते तिनं बघितले आणि पुढं गेली.

रत्नप्रभानं सूप तिच्यापुढं धरलं. सुंदराबाईनं चिमूटभर कण्या उचलल्या, सोडल्या. म्हणाली, “माझी कोंबडी खात न्हाई ह्या. न्हाई विकायचं मला.”

 ताई, रत्नप्रभानं सूप तसंच तिच्यापुढं धरून ठेवलं.

सुंदराबाई सोनूबाईंकडं वळली. “आजी, एक खरं सांगा. तुमच्या दुसऱ्या माळ्यावर डाक्टरीणबाई हाय. तिची तिन्ही पोरं धडधाकट. तिच्या ओटीत का न्हाई टाकलं? मला घाटकोपरास्नं रिक्षानं का बोलावलं?”

सोनूबाई लुगड्याचा काठ पिळत राहिल्या. ती म्हणाली, “बोला की. मी तीन रात्री फरशीवर काढल्यात.”

तेव्हा म्हातारी बोलली. खोटं बोलायचं तिला त्या घडीला सुचलंच नसावं. “यमाक वाटूक व्हया, ह्या पोराक काय किंमत नाय म्हणान.”

 चंद्रप्रकाशनं डोळे मिटले. मला वाटलं आता सुंदराबाई थुंकणार. तर ती हसली गं! कमरेवर हात ठेवून हसली. “म्हंजे माझ्या घरचं पोर म्हटलं की यम बी हात लावत न्हाई? त्यो बी शिवाशिव पाळतो व्हय?” साहेबांना ठसका लागला, ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मग तिचं हसू गेलं. म्हणाली, “तुमच्याच रीतीनं पोर आता माझं हाय. राधाचं दूध त्याच्या पोटात हाय. मला कण्या नको, लुगडं नको. पोराचं नाव मी ठिवणार. तुमच्याच पार्किंगात, ज्यांनी ज्यांनी मला चोरटी म्हटलं त्या समद्यांसमोर. आन ते नाव बदलायचं न्हाई. कबूल आसंल तर न्या.”

मला तुझी तार आठवली, घासाघीस नको. मी सोनूबाईंना कोपरानं ढोसलं. “ठेव गो बाय,” त्या म्हणाल्या, “काय ता ठेव, पण पोर दी माका.” त्यांना वाटलं, ठेवून ठेवून काय ठेवील, धोंडू नाहीतर दगडू. तेही रीतीतच बसतं.

साहेबांनी ‘गैरसमजातून तक्रार, मूल नातेवाइकांकडे सुखरूप’ असं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सुंदराबाईची सही ‘नातेवाईक’ म्हणून झाली. सोनूबाईंनी ते वाचलं असतं तर वेगळंच रामायण झालं असतं, पण त्यांना वाचता येत नाही.

काल बारसं झालं. पार्किंगमध्ये. डॉक्टरांची फियाट बाहेर काढली, अँबॅसडरवर चादर घातली. राधा दोन्ही पोरं घेऊन आली, टेकडीवरची पंधरावीस माणसंही आली, तो जुळीचे पेढे खाल्लेला पानवालासुद्धा. शहाबाई वरून बघत होत्या, त्यांना मी हाताला धरून खाली आणलं. इस्त्रीवाला, दूधवाला, सगळे हजर. सुंदराबाई नवं निळं लुगडं नेसली होती. तिनं पोराच्या कानात सांगितलं, मग मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “भीमराज.”

 टेकडीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग चंद्रप्रकाशनं, एकट्यानंच. मग मी. आमच्या ह्यांनी माझ्याकडं बघत बघत दोन वाजवल्या. सोनूबाईंचा चेहरा मी तुला लिहून सांगू शकत नाही. शेवटचा दात काढतात तेव्हा माणूस असा बसतो.

रत्नप्रभानं सुंदराबाईच्या ओटीत कण्या ओतल्या आणि पोर घेतलं. छातीशी धरलं मात्र, आणि मग जी रडली! जिन्यात बसून, पाजत पाजत, नाक गळतंय, केस सुटलेत, आणि तोंडानं एकच, “माझा तू, माझा, माझा.” मी तिच्याबरोबर रडले. माझ्यासारखी मूर्ख बाई अख्ख्या मुलुंडात नाही, असंही तिला सांगितलं. ती म्हणाली, “माहीत आहे वहिनी.”

पेपरवाला आला होता. आता त्यानं माझं वय विचारलं, मी छत्तीस सांगितलं. पण बातमी आलीच नाही. सापडलेल्या पोराची बातमी होत नाही म्हणे.

तुझी नलू


कणकवली
२ फेब्रुवारी १९८६

नलू,

काजूगर पाठवलेत. अर्धे सुंदराबाईला दे. मोजून अर्धे, मी तुला ओळखते.

तुझं पत्र मी बाळ्याला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, आई, धाकूच्या आयशीनं माझी काय किंमत मागितली होती? मी सांगितलं, काही नाही. तिनं मागितली नाही आणि आम्ही विचारली नाही. तो जेवून गाडीवर गेला.

एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस. नाव ठेवणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं. नाव पाळण्यात ठेवून घरात बाबू, सोन्या म्हणणारी घरं मला माहीत आहेत. सोनूबाई त्या पोराला काय म्हणून हाक मारते? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नको.

जानूताई


मुलुंड
८ मार्च १९८७

जानूताई,

वर्षभरात तुला सात-आठ पत्रं लिहिली आणि प्रत्येकात तुझ्या त्या प्रश्नाला बगल दिली. तूही पुन्हा विचारलं नाहीस, पण मला ठाऊक होतं की तू विसरलेली नाहीस. आज उत्तर देते.

सोनूबाई त्याला ‘बाबू’ म्हणत. तू म्हणालीस तस्संच. शब्द मोडला नाही, नाव बदललं नाही, फक्त ते तोंडातून काढायचं नाही. कुणी पाहुणे आले आणि नाव विचारलं की म्हातारीला खोकला यायचा. रत्नप्रभा आणि चंद्रप्रकाश मारत हाका, पण हळू, घरातल्या घरात. सुंदराबाई महिन्यातून एकदा यायची, पोराला मांडीवर घेऊन ‘भीमराज, भीमराज’ करायची, आणि सोनूबाई तेवढा वेळ देवापुढं बसायच्या. मला तुला हे लिहायची लाज वाटत होती. मीच टाळ्या वाजवल्या होत्या ना.

मग ऑगस्टात तो तापला. आठवा महिना लागला होता. पहिला आठव्याच महिन्यात गेला होता. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येऊन बघत होते, इंजेक्शनं चालू होती. तिसऱ्या दिवशी त्यानं डोळे फिरवले. रत्नप्रभा नुसती भिंतीला टेकून उभी. मी पाणी घेऊन आत गेले तर सोनूबाई पाळण्यावर ओणव्या होऊन बोलत होत्या. मला वाटलं, नामस्मरण. जवळ जाऊन ऐकते तर, “भीमराज, भीमराज, माझ्या भीमराजा.” थांबतच नव्हत्या. घसा बसला तरी चालूच. चंद्रप्रकाश त्यांना म्हणाला, “आई, जरा पड,” तर त्याला हातानं मागं सारलं. संध्याकाळी सुंदराबाई आली. दोघी पाळण्याच्या दोन बाजूंना बसल्या. एकीचा आवाज बसला की दुसरी सुरू करायची.

ताप उतरला. चंद्रप्रकाश म्हणतो इंजेक्शनानं. सोनूबाई म्हणतात नावानं. सुंदराबाई म्हणते दोन्ही चालू ठिवा, तुमचं काय जातंय. ह्यावर अजून भांडणं होतात आणि मी प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूनं बोलते, म्हणजे भांडण लवकर संपत नाही.

पहिला वाढदिवस झाला. त्या घरात वर्ष ओलांडलेलं हे पहिलं पोर. आता तर चालायला लागलाय, चालायला कसला, धावायलाच, आणि पार्किंग हेच त्याचं मैदान. काल संध्याकाळी मी मागच्या गॅलरीत होते. डॉक्टर फियाट मागं घेत होते आणि हा गडी एका पापडाच्या मागं नेमका तिकडंच चालला होता. मी तोंड उघडायच्या आत वरच्या गॅलरीतून सोनूबाई कडाडल्या, “भीमराजाऽऽ! माझ्या भीमराजाऽऽ! गाडी इली, बाजूक हो रे!” गाडी जागच्या जागी थांबली. पोरानं वर बघितलं, हसलं आणि पापड तोंडात घातला.

यमाचं मला माहीत नाही, ताई. पण ठाण्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

नलू